वीस फूट उंची, वीस सेंटिमीटरचा खड्डा

जानेवारी २०२६ मध्ये पनवेल स्थानकात दोन तरुण बांबूउडी खेळाडूंना गाडीतून खाली उतरवण्यात आले. देव मीना आणि कुलदीप यादव. कर्नाटकातली आंतरविद्यापीठ मैदानी स्पर्धा आटोपून दोघे भोपाळला परत चालले होते. त्यांच्याजवळचे पोल सामानाच्या नियमात बसत नव्हते, आणि तिकीट तपासनीस ऐकायला तयार नव्हता. चार-पाच तास फलाटावर खोळंबून, दंड भरून त्यांना पुढचा रस्ता धरावा लागला. यातला देव मीना हा काही नवखा मुलगा नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये डेहराडूनच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्याने ५.३२ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला होता, आणि दोन महिन्यांनी कोचीत तो ५.३५ मीटरवर नेला होता.

बातमी वाचून लोक हळहळले ते खेळाडूंच्या अपमानाने, आणि ते बरोबरच होते. पण बांबूउडीच्या अपघातांचा विचार करणाऱ्या माणसाला त्या बातमीत दुसरीच गोष्ट दिसते. पाच मीटर लांबीचा हा पोल दुमडत नाही, त्याचे दोन तुकडे करून पिशवीत घालता येत नाहीत. तो डब्याच्या खिडकीला बांधला जातो, बाकाखाली सरकवला जातो, हमालाच्या खांद्यावरून फलाटावर टेकवला जातो. प्रत्येक ठिकाणी त्याला काहीतरी घासते. काचेच्या धाग्यांच्या थरांवर राळ बसवून केलेली ती पोकळ नळी असते. वाकली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. धागे अखंड असतील तर हा ताण सगळीकडे सारखा वाटला जातो. एखाद्या ठिकाणी ओरखडा असला, बुटाच्या खिळ्याची खूण असली किंवा दगडावर आपटून पडलेली बारीकशी खाच असली, तर सगळा ताण तिथे गोळा होतो. डोळ्यांना ती खाच रंगाचा टवका उडाल्यासारखी दिसते. पोल मात्र तिथेच मोडतो, आणि कधी मोडेल हे सांगत नाही.

म्हणून जुने प्रशिक्षक उडीच्या आधी पोलवरून टोकापासून टोकापर्यंत बोटे फिरवतात. खिळ्याची खूण लागलेला पोल ते कोणाला वापरू देत नाहीत, मग तो कितीही महाग असो. परदेशातून मागवलेल्या चांगल्या पोलची किंमत वाहतूक धरून लाखाच्या आसपास जाते, त्यामुळे आपल्याकडे हा नियम पाळणे सोपे नसते. जिल्हा पातळीवर खेळणारी मुले मिळेल तो पोल घेऊन धावतात, आणि इथे दुसरी अडचण सुरू होते.

पोल प्रत्येकाच्या मापाचा असावा लागतो. त्याच्यावर दोन आकडे छापलेले असतात, एक लांबीचा आणि दुसरा वजनाचा. वजनाचा आकडा सांगतो की साधारण एवढ्या वजनाचा खेळाडू हा पोल नीट वाकवू शकेल. हलक्या अंगाच्या मुलाने कडक पोल घेतला तर तो पुरेसा वाकत नाही, उभा होण्याआधीच थबकतो, आणि मुलगा धावपट्टीच्या बाजूला मागे पडतो. वजनदार खेळाडूने मऊ पोल घेतला तर उलटे होते. पोल प्रमाणाबाहेर वाकतो, एक तर तुटतो, नाही तर खेळाडूला गादीच्या पलीकडे फेकतो. अमेरिकेतल्या शाळांमध्ये पोलवरच्या आकड्यापेक्षा जास्त वजनाच्या मुलाला तो वापरताच येत नाही. जागतिक नियमांत मात्र पोल कशाचाही, कितीही लांबीचा आणि जाडीचा चालतो, पृष्ठभाग गुळगुळीत असला म्हणजे झाले. मोठ्या खेळाडूंना आपले भले कळते असे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरले असावे. याच नियमावलीत आणखी एक उदारपणा आहे. उडी मारताना पोल मोडला तर तो प्रयत्न अपयशी धरत नाहीत, पुन्हा संधी देतात. संधी घ्यायला खेळाडू उभा राहू शकला पाहिजे, एवढेच.

बहुतेक वेळा तो राहतो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये क्यूबाच्या लाझारो बोर्गेसचा पोल पात्रता फेरीत तीन तुकडे होऊन हवेत उडाला. आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेतला हा रौप्यपदक विजेता सुखरूप गादीवर पडला आणि दुसरा पोल घेऊन पुन्हा धावला. ब्रिटनच्या हॉली ब्रॅडशॉचे नशीब तेवढे चांगले नव्हते. २०२२ मध्ये युजीनच्या जागतिक स्पर्धेत सरावाच्या उडीतच तिचा पोल तुटला आणि तिला माघार घ्यावी लागली. तुटलेला पोल दिसायला भयंकर असतो. त्याची चित्रफीत लगेच जगभर फिरते. तरीही या खेळातली सर्वांत मोठी संकटे पोल तुटल्याने येत नाहीत.

ती कुठून येतात हे पाहण्यासाठी उडीचा थोडा हिशोब मांडू या. धावणाऱ्या माणसाजवळ गतीची ऊर्जा असते, आणि पोल ती उंचीत बदलून देतो. सेकंदाला ९ मीटर वेगाने धावणाऱ्याची सगळी ऊर्जा वर चढण्यात खर्ची पडली, तर शरीराचा गुरुत्वमध्य सुमारे ४.१ मीटर वर जाईल. धावताना तो जमिनीपासून साधारण मीटरभर वर असतोच. बेरीज पाच मीटरच्या थोडी पुढे जाते. उरलेले काम हात, खांदे आणि पोट करतात. आर्मांड डुप्लांटिसने सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोला ६.३० मीटरची उडी मारली, तेव्हा त्याचा धावण्याचा वेग कसलेल्या धावपटूंना लाजवणारा होता. उंची मुळात वेगातून येते. वेग कमी पडला, शेवटचे पाऊल चुकले किंवा हात वर जायला क्षणाचा उशीर झाला, तर ऊर्जा अपुरी पडते आणि खेळाडू अर्ध्यातच लटकतो.

वर गेलेला माणूस खाली येणारच. मैदानी खेळांत बांबूउडीचे वेगळेपण इथेच आहे. लांब उडीत माणूस वाळूत घसरतो, उंच उडीत दोन-अडीच मीटरवरून गादीवर पडतो, पण दुमजली घराच्या उंचीवरून पाठीवर पडणे हा यशस्वी प्रयत्नाचा नेहमीचा शेवट असतो तो फक्त इथे. ५.३० मीटरवरची आडवी दांडी ओलांडून ८० सेंटिमीटर जाडीच्या गादीवर आलेला खेळाडू साडेचार मीटर खाली पडलेला असतो. गादीला टेकताना त्याचा वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास असतो. फोम दबत दबत त्याला साठ सेंटिमीटरमध्ये थांबवतो, त्यामुळे शरीरावर येणारा ताण गुरुत्वाकर्षणाच्या सात-आठ पट राहतो, आणि तोही सगळ्या पाठीवर पसरलेला. माणूस हसत उठतो. आता दुसरे उदाहरण घ्या. तोच खेळाडू अवघ्या दोन मीटरवरून काँक्रीटवर डोक्यावर पडला, तर वेग ताशी २२ किलोमीटरच असेल. पण थांबायला जेमतेम एक सेंटिमीटर मिळेल. मग कवटीवरचा ताण गुरुत्वाकर्षणाच्या दोनशे पट होतो. उंची निम्म्याहून कमी, आणि ताण पंचवीस पट.

फोमच्या गाद्या येण्यापूर्वी खेळाडू वाळूत किंवा भुशाच्या ढिगाऱ्यात पडत, आणि म्हणूनच पायांवर उतरत. अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने १९४२ मध्ये बांबूच्या पोलने ४.७७ मीटरची उडी मारली, तेव्हा त्याला वर जाण्याइतकाच विचार खाली येण्याचाही करावा लागे. पुढे धातूचे पोल आले, त्यांनी विक्रमात फार भर घातली नाही. १९६१ मध्ये जॉर्ज डेव्हिसने काचतंतूच्या पोलने विश्वविक्रम केला आणि पुढच्या दोनच वर्षांत विक्रम १६ फूट आणि १७ फूट ओलांडून गेला. आधीच्या वीस वर्षांत जे मिळाले नव्हते ते या नळीने दोन वर्षांत दिले. एवढ्या उंचीवरून पायांवर उतरणे शक्य नव्हते. फोमची गादी आली म्हणून खेळाडूला पाठीवर पडण्याची मुभा मिळाली, आणि ती मुभा मिळाली म्हणून तो वर उलटा होऊन पाय आधी पलीकडे टाकू लागला. आपण या खेळाचे म्हणून जे देखणे रूप पाहतो, त्याचा निम्मा कर्ता पोल आहे आणि निम्मा कर्ता फोम.

पण गादीला कडा असतात. आणि गादीच्या पुढ्यात एक जागा अशी असते, जिथे गादी घालताच येत नाही.

ती जागा म्हणजे बॉक्स. धावपट्टीच्या शेवटी जमिनीत बसवलेला धातूचा उतरता खड्डा, ज्यात पोलचे टोक टेकवायचे. मीटरभर लांब, पुढच्या तोंडाशी ६० सेंटिमीटर रुंद, मागच्या भिंतीशी जेमतेम १५ सेंटिमीटर. जमिनीत रोवलेल्या सुपासारखा त्याचा आकार. खोली शेवटी २० सेंटिमीटर. पोल त्यात शिरला पाहिजे, टेकला पाहिजे, वाकताना त्याला दोन्ही बाजूंना जागा मिळाली पाहिजे. म्हणून बॉक्सच्या तीन बाजूंनी गादी कापलेली असते आणि मधोमध उघडे धातू आणि उघडी जमीन राहते. पोल उभा होण्याआधी थबकला की खेळाडू पडतो तो नेमका तिथे.

३० जुलै २०१५ रोजी इन्सब्रुकमध्ये सराव करताना ऑस्ट्रियाची राष्ट्रीय विक्रमवीर किरा ग्र्युनबर्ग अशीच पडली. डोके आणि मान आधी बॉक्समध्ये आदळली. वय २१. त्यानंतर ती चालू शकली नाही. दोन वर्षांनी ती ऑस्ट्रियाच्या संसदेत निवडून गेली आणि दिव्यांगांच्या प्रश्नांवर बोलू लागली, हा तिच्या आयुष्याचा पुढचा भाग. मार्च २०२४ मध्ये ग्लासगोच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत फ्रान्सच्या मार्गो शेव्रिएचा पाय अशाच पडण्यात घोट्यापाशी उघडा मोडला. पॅरिसचे, म्हणजे स्वतःच्या देशातले ऑलिंपिक पाच महिन्यांवर होते. तिला ते प्रेक्षक म्हणून पाहावे लागले.

एकेका अपघाताची गोष्ट ऐकून घबराट होते, उपाय सापडत नाही. उपाय सापडला तो अपघातांची वही ठेवणाऱ्यांना. बॅरी बोडेन या अमेरिकी अस्थिशल्यविशारदाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८२ ते १९९८ या काळातले ३२ अत्यंत गंभीर अपघात तपासले. त्यांतल्या १६ जणांचा मृत्यू झाला होता, आणि बहुतेक सगळे शाळा-कॉलेजातले मुलगे होते. १७ अपघातांत धड गादीच्या कडेवर पडले होते आणि डोके गादीबाहेर जाऊन कठीण जमिनीवर आपटले होते. ८ जण बॉक्समध्ये किंवा त्याच्या आसपास पडले, तर काही जणांची गादी पूर्णपणे चुकली. दांडीची उंची कोणाच्याही मृत्यूचे थेट कारण नव्हती. गादी लहान होती.

अहवाल आला आणि नेहमीप्रमाणे फाइलीत गेला. मग २००२ उजाडले. त्या वर्षाच्या सुरुवातीच्या काही महिन्यांत अमेरिकेत तीन तरुण खेळाडू दगावले. त्यांत पेन स्टेट विद्यापीठाचा १९ वर्षांचा केव्हिन डेअर होता. मोठी आंतरविद्यापीठ स्पर्धा सुरू असताना, सगळ्यांसमोर, तो बॉक्समध्ये डोक्यावर पडला. त्यानंतर नियम हलले. २००३ पासून शाळांच्या गाद्या मोठ्या झाल्या, आसपासची कठीण जमीन आणि दांडी पेलणाऱ्या स्टँडचे पाय मऊ आवरणाने झाकणे सक्तीचे झाले.

पुढची गोष्ट मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोधक वाटते. बोडेन यांच्या गटाने २००३ ते २०११ या काळाची दुसरी मोजणी केली. गंभीर अपघात १९ निघाले, म्हणजे वर्षाला दोन, साधारण पूर्वीइतकेच. मृत्यू मात्र एकच. गादीच्या कडेवरून डोके बाहेर आपटण्याचा प्रकार, जो पूर्वी निम्म्याहून अधिक वेळा घडत होता, तो जवळजवळ नाहीसा झाला होता. पण आता दर चारांतले सुमारे तीन अपघात बॉक्सपाशी घडत होते. धोका मोठ्या गादीवरून हटून वीस सेंटिमीटरच्या खड्ड्यात जाऊन बसला होता. मग त्या खड्ड्याच्या कडांवर बसेल अशी मऊ कॉलर तयार झाली. पोलला वाकायला अडथळा होऊ नये आणि पडणाऱ्याला धातू लागू नये, असे दोन्ही साधणारी ही वस्तू अमेरिकी शाळांत २०१४-१५ च्या हंगामापासून सक्तीची आहे.

हेल्मेटचे काय, हा प्रश्न प्रत्येक आईबाप विचारतात. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये टोबी स्टीव्हन्सनने हेल्मेट घालून ५.९० मीटरची उडी मारली आणि रौप्यपदक जिंकले. मित्रमंडळींत त्याला ‘क्रॅश’ म्हणत, हे नाव त्याला कशावरून पडले ते सांगायला नको. म्हणजे हेल्मेटने उडीत अडथळा येतो हा आक्षेप निकालात निघाला. तरी ते सार्वत्रिक झाले नाही. त्यासाठी खास मानक ठरले, डेअरच्या वडिलांनी त्याचा पाठपुरावाही केला. विरोध करणारे म्हणतात की हेल्मेट मान वाचवत नाही आणि मुलाला उगाच धीट बनवते. पहिला मुद्दा खरा आहे. दुसरा मला पटत नाही. पाच मीटर उंच उडायला निघालेला मुलगा हेल्मेटमुळे धीट होत नाही, तो आधीच धीट असतो. नवशिक्यांना तरी ते घालायला लावावे असे माझे मत आहे.

रोजच्या दुखापती वेगळ्या, आणि त्यांची बातमी होत नाही. मांडीच्या मागचा स्नायू ओढला जाणे, घोटा मुरगळणे, खांदा आणि मनगट. सर्वांत चिवट दुखणे कमरेचे. पोल टेकवताना एक हात उंच, पाठ मागे ताणलेली आणि त्याच क्षणी एका पायावर उसळी, असा पीळ दिवसाला वीस-तीस वेळा पडला की वाढत्या वयातल्या मुलांच्या कमरेच्या मणक्याला बारीक तडा जातो. मुलगा म्हणतो, ‘कंबर भरून आलीय.’ प्रशिक्षक म्हणतो, ‘स्ट्रेचिंग कर.’ दोन आठवड्यांत थांबले नाही तर डॉक्टरकडे न्यायलाच हवे.

आता परत आपल्या भागात येऊ. महाराष्ट्रात बांबूउडी खेळणारी मुले मोजकी. पुण्याच्या बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धा आणि २०१३ ची आशियाई मैदानी स्पर्धा झाली, तशा दर्जाच्या गाद्या प्रत्येक तालुक्याला कुठून येणार? आणि आल्या तरी कोकणपट्टीचा पावसाळा त्यांच्या मुळावर उठतो. फोम पाणी पितो. उघड्यावर ठेवलेली गादी जूनमध्ये भिजते, ऑगस्टमध्ये जड होते, आणि आतून कुजली की बसते. वरून जाड दिसणाऱ्या गादीचा मधला भाग पोकळ झाला, तर पडणारा थेट तळाला लागतो. लाकडी पट्ट्यांवर उंच ठेवणे, खालून हवा खेळू देणे, वर ताडपत्री टाकणे ही कामे खेळाडूच्या सरावाइतकीच महत्त्वाची, पण ती करायची कोणी यावर मैदानात एकमत नसते.

मात्र पाच-सहा मीटर उंचीवरून खाली येणारी मुले आपल्याकडे कमी आहेत असे समजू नका. ऐरोलीपासून पनवेलपर्यंत दर श्रावणात ती रस्त्यारस्त्यांवर असतात, हजारोंनी. त्यांना आपण गोविंदा म्हणतो.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये सानपाड्यात सरावाच्या वेळी वरच्या थरावरून पडून एका १४ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयात दहीहंडीविषयीची याचिका सुनावणीला होती. ११ ऑगस्ट २०१४ रोजी न्यायालयाने मनोऱ्याची उंची वीस फुटांवर मर्यादित केली आणि १८ वर्षांखालील मुलांना मनाई केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथे आधी हे निर्बंध शिथिल झाले, २०१६ मध्ये पुन्हा लागू झाले. ऑगस्ट २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीची मर्यादा काढली आणि वयाची अट १४ वर आणली. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा आणि गोविंदांना विम्याचे कवच जाहीर केले. उंची हाच आठ वर्षे वादाचा विषय होता. वीस फूट हवे की नको, आठ थर की नऊ, परंपरा की मुलांचा जीव.

वीस फूट म्हणजे ६.१० मीटर. बांबूउडीत एवढी दांडी ओलांडणारे आजवरचे खेळाडू एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या खाली जाड फोमची लांबरुंद गादी होती. आपल्या गोविंदाच्या खाली डांबर किंवा काँक्रीट, आणि माणसे. आधी केलेला हिशोब इथे लावला तर कळते की वीस फुटांची मर्यादा पाळूनही सानपाड्यासारखा अपघात घडू शकतो, कारण डोके जमिनीवर आपटायला सहा फूटही पुरतात. उच्च न्यायालयाच्या २०१४ च्या आदेशात खालच्या जमिनीचा आणि संरक्षक साधनांचाही विचार होता. चर्चा मात्र फुटांच्या आकड्यापाशीच अडकली.

मनोऱ्याला गादी असते, पण ती माणसांची असते. स्पेनमधल्या कॅटलोनियात असेच मानवी मनोरे रचतात, तिथे तळाला शेकडो माणसे एकमेकांना घट्ट चिकटून, हात उंचावून उभी राहतात आणि वरून पडणारा त्यांच्यावर झेलला जातो. २००६ मध्ये मातारो शहराच्या पथकातल्या १२ वर्षांच्या मुलीचा पडून मृत्यू झाला, त्यानंतर तिथे वर चढणाऱ्या मुलांना मऊ हेल्मेट घालणे रूढ झाले. आपल्या पथकांचा पायाही असाच दाट असतो. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने २०१२ मध्ये ठाण्यात नऊ थर लावून १३.३४ मीटरचा जागतिक विक्रम केला तो अशाच दाट पायावर. पण पाया दाट असला तरी खाली उभ्या माणसाची मान म्हणजे फोम नव्हे. वरचा वाचतो तेव्हा पुष्कळदा खालच्याच्या बरगड्या आणि खांदे जातात.

केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दहीहंडीत जखमी झालेल्यांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये एक निष्कर्ष मांडला होता. बहुसंख्य इजा थर चढताना नव्हे, उतरताना झाल्या होत्या. बांबूउडीशी तुलना केली की याचे कारण कळते. बांबूउडीत उतरणे हा उडीचाच भाग आहे, त्याचा सराव पहिल्या दिवसापासून होतो. मुलाला पोल हातात देण्याआधी पाठीवर पडायला शिकवतात. दहीहंडीत सगळे कसब चढण्यात. सर्वांत वरचा मुलगा, म्हणजे एक्का, वर पोहोचला, सलामी दिली, ढोल वाजले, की खालच्यांच्या मांड्या थरथरत असतात आणि लक्ष सुटलेले असते. मग मनोरा उतरत नाही, कोसळतो. काही आयोजक आता क्रेनला दोर लावून एक्क्याला पट्टा बांधतात. त्याने वरचा मुलगा वाचतो, मधले थर तसेच राहतात.

आणखी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे, आणि ती नियमांच्या बाहेर राहते. १९६३ मध्ये विश्वविक्रम करून महिनाही झाला नव्हता तेव्हा अमेरिकेचा ब्रायन स्टर्नबर्ग जिम्नॅशियममध्ये ट्रॅम्पोलिनवर उड्या मारताना मानेवर पडला आणि आयुष्यभरासाठी लुळा झाला. ग्र्युनबर्ग सरावात पडली. सानपाड्याचा मुलगा सरावात गेला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दहिसरला ११ वर्षांचा मुलगा दगावला, तोही सरावातच. स्पर्धेच्या दिवशी पंच असतात, डॉक्टर असतो, मोठी गादी असते. हंडीच्या दिवशी रुग्णवाहिका असते, पोलीस असतात. सराव मात्र गुरुपौर्णिमेपासून रात्री दहानंतर गल्लीत चालतो, दिवसभर नोकरी करून आलेल्या दमलेल्या अंगांनी, सोडियमच्या दिव्याखाली, आणि गाडी पार्क करायची असली की मनोरा थोडा सरकवून घ्यायचा.

मैदानावरचा सराव कसा असावा याची एक साधी रीत चांगले प्रशिक्षक पाळतात. मुले अंग गरम करत असताना ते गादीच्या दोन तुकड्यांमधला सांधा पायाने दाबून पाहतात, कारण सांधा उघडला की पाय त्यात अडकतो. स्टँडच्या पायांवरची आवरणे जागेवर आहेत का ते बघतात. दांडी बॉक्सच्या फार जवळ न ठेवता आत गादीच्या बाजूला सरकवतात, म्हणजे अपुऱ्या वेगाने आलेल्यालाही गादीवर जाण्याचीच सवय लागते. पावसाळ्यात पोलची मूठ आणि त्यावरची चिकट पट्टी कोरडी करून घेतात. पहिल्या उड्या आखूड धावेने, खाली पकडून. चौथ्या पावलालाच वेग पडला तर मुलाने पोल टेकवू नये, सरळ धावत गादीवर जावे, आणि त्याबद्दल त्याला कोणी हसू नये. सराव संपला की बॉक्सवर झाकण बसवतात. कारण संध्याकाळी त्याच धावपट्टीवर कॉलनीतली माणसे फेऱ्या मारायला येतात, आणि वीस सेंटिमीटरचा खड्डा अंधारात त्यांनाही दिसत नाही.